शाई गेली कशासाठी

स्टोअर्समध्ये काम केलेल्या माणसाला 'शिल्लक किती' हा प्रश्न फारसा छळत नाही. रॅकजवळ गेलं, पेटी उघडली की शिल्लक दिसते. खरी डोकेफोड असते ती 'गेलं कुठे' यावर. मी काही वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होते. तिथे प्रत्येक कप्प्याला एक बिन कार्ड लटकत असे. तारीख, आवक, जावक, शिल्लक आणि शेवटचा रकाना 'कशासाठी'. इश्यू स्लिपवर जॉब नंबर नसेल तर आमचे साहेब सुपरवायझरलाही हातमोज्यांची जोडी काढून देत नसत. "माल संपतो त्याचं काही नाही, कशाला संपला ते सांगता आलं पाहिजे," असं ते रोज ऐकवायचे. आम्ही मागून हसायचो. नोकरी सुटली, देहूत घराच्या पुढच्या खोलीत संगणक आणि प्रिंटर मांडून टायपिंग-प्रिंटिंगचं काम सुरू केलं, आणि ज्या वाक्याला हसत होते तेच धंद्याचं सूत्र होऊन बसलं.

देहूत असं काम करणाऱ्याच्या दारात दोन जगं येतात. एका बाजूला इंद्रायणीचा घाट, देऊळ, गाथा मंदिर, पलीकडे भंडारा डोंगर. दुसऱ्या बाजूला तळवडे, आणि पुढे चाकणपर्यंत पसरलेले कारखाने. सकाळी येतात ते वर्कशॉपवाले. कुणाच्या शेडमध्ये दोन लेथ आणि एक मिलिंग, कुणाकडे प्रेस शॉप. त्यांना चलन हवं असतं, टॅक्स इन्व्हॉइस हवं असतं, मालासोबत जाणारा पीडीआय रिपोर्ट, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा कागद हवा असतो, पेट्यांना लावायचे टॅग हवे असतात. २०१७ साली जीएसटी आला तेव्हापासून मालाच्या इन्व्हॉइसच्या तीन प्रती: एक घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक विकणाऱ्याची. २०१८ पासून त्यात ई-वे बिलाची भर. टेम्पो बाहेर चालू ठेवून ड्रायव्हर दारात उभा असतो. दुपारी गिऱ्हाईक बदलतं. सातबारा, आधार, शाळेचा दाखला, कंत्राटी नोकरीसाठी बायोडेटा. संध्याकाळी हरिनाम सप्ताहाची पत्रिका, कीर्तनकार महाराजांचा कार्यक्रम, दिंडीची यादी.

हे सगळं दोन यंत्रांवर चालतं. काळ्या कामाला एचपीचा जुना १०२० लेझर. त्याला लागणारं १२ए कार्ट्रिज कुठल्याही टोनर भरणाऱ्याला झोपेतही ओळखता येतं. कॅननच्या २९०० ला लागणारं ३०३ हे त्याचंच भावंड. रंगीत कामाला आणि झेरॉक्सला इंक टँकवाला ऑल-इन-वन. दोन्ही घरच्याच संगणकाला जोडलेले. याच संगणकावर मुलगी अभ्यासाचे व्हिडिओ बघते आणि घरचं लाईट बिलही यावरच भरलं जातं.

सुरुवातीला मला वाटे, कार्ट्रिजची काळजी संगणक घेईल. प्रिंटरबरोबर आलेलं सॉफ्टवेअर पडद्यावर रंगीत पट्ट्या दाखवतं, कुठली अर्धी, कुठली पाव. ती पट्टी येते कुठून, हे मात्र स्टोअर्सच्या सवयीने शोधून काढावंसं वाटलं. बहुतेक शाईच्या कार्ट्रिजांत आत डोकावून पाहणारं काही नसतं. छापताना किती थेंब उडवले हे यंत्र मोजतं, तो आकडा कार्ट्रिजच्या चिपवर लिहीत जातं आणि त्यावरून उरलेल्याचा अंदाज बांधतं. लेझरमध्येही बरेचदा पानावरचे ठिपके मोजूनच टोनरचा हिशोब लावतात. काही यंत्रांत सेन्सर असतो, नाही असं नाही. पण पडद्यावरचा आकडा हा बव्हंशी अंदाज असतो, आणि कंपन्याही आपल्या माहितीपत्रकात तसंच लिहितात. कार्ट्रिज भरून आणलं आणि चिप जुनीच राहिली, तर काठोकाठ भरलेलं कार्ट्रिजही पडद्यावर रिकामं दिसतं.

माझ्या १२ए ला तर चिपच नाही. म्हणजे तिथे पट्टी दाखवायलाही कुणी नाही. पान मध्यभागी फिकं आलं की कार्ट्रिज काढायचं, आडवं धरून डावी-उजवीकडे हलवायचं, आणखी थोडी पानं निघतात. ही युक्ती प्रत्येक प्रिंटवाल्याला येते. इंक टँकची गोष्ट वेगळी. टाकी पारदर्शक, शाई डोळ्यांनी दिसते. गंमत म्हणजे एप्सनच्या सुरुवातीच्या टँकवाल्या मॉडेलांना, एल१०० सारख्यांना, तेवढंही पुरत नसे. बाटलीबरोबर येणारा कोड संगणकात भरावा लागे, आणि मग सॉफ्टवेअर त्या बाटलीच्या हिशोबाने मोजत बसे. शाई डोळ्यांसमोर असूनही मोजणी कागदावरची.

दुसरा आकडा खोक्यावर असतो: इतकी पानं निघतील. १२ए ला २०००. माझ्या टँकच्या काळ्या बाटलीला ४५००. हे आकडे कुणी हवेतून काढलेले नसतात. काळ्या टोनरसाठी आयएसओ/आयईसी १९७५२ नावाचं प्रमाण आहे, शाईच्या रंगीत प्रिंटरसाठी २४७११. ठरवून दिलेली चाचणीची पानं ठरलेल्या पद्धतीने छापत जायची आणि मोजायची. काळ्या पानाच्या बाबतीत अंदाज असा की कागदाच्या साधारण पाच टक्के भागावर टोनर बसतो. पाच टक्के म्हणजे साधारण एक छोटं पत्र, वर नाव, खाली सही. तुमचं पान दहा टक्क्यांचं असेल तर २००० चे १००० झाले, वीस टक्क्यांचं असेल तर ५००. त्यात कुणाची लबाडी नाही. पण चाचणीचं ते पान माझ्याकडे छापायला कधीच येत नाही. माझ्याकडे येतो जाड रेघांचा तक्ता, ठळक मराठी मथळा आणि कोपऱ्यात कंपनीचा भरीव लोगो.

मग लढाई सुरू झाली ती टोनर भरणाऱ्या मुलाशी. तो चिंचवडहून गाडीवर येतो. पिशवीत टोनरच्या बाटल्या, ब्रश, पक्कड, जुन्या ड्रमचं खोकं. दारात वर्तमानपत्र पसरून कार्ट्रिजच्या दोन्ही बाजूंच्या पिना ठोकतो, दोन अर्धुकं वेगळी करतो, वेस्ट टोनर झटकतो, ब्लेड पुसतो, बाटली रिकामी करतो, पुन्हा जुळवतो. कार्ट्रिज लवकर संपलं की मी म्हणायचे, "दादा, कमी भरलंत तुम्ही." तो म्हणायचा, "ताई, तुम्ही जास्त काळं छापलंत." दोघांकडेही पुरावा नाही. स्टोअर्समध्ये असा वाद झाला असता तर साहेबांनी दोघांनाही बिन कार्ड दाखवायला सांगितलं असतं.

बिन कार्ड संगणकातच होतं, फक्त बंद होतं. हे मला माझ्या भाच्याने दाखवलं; तो आकुर्डीला इंजिनिअरिंग करतो आणि सुट्टीत माझ्याकडे येऊन बसतो. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाचा प्रोग्राम असतो. त्यात ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग प्रिंटसर्व्हिस. तिथे 'ऑपरेशनल' नावाची नोंदवही आहे. ती मुळात बंदच असते. उजवं बटण दाबून 'एनेबल लॉग' म्हणावं लागतं. त्यानंतर छापलेल्या प्रत्येक कामाची ३०७ क्रमांकाची नोंद पडते: कुठल्या यूजरने, कुठल्या प्रिंटरवर, किती बाइटचं, किती पानांचं काम छापलं. एक पैसा न भरता. पेपरकट या ऑस्ट्रेलियन कंपनीचा प्रिंट लॉगर नावाचा फुकटचा प्रोग्रामही आहे, तो हीच माहिती एक्सेलमध्ये उघडेल अशा फायलीत लिहून ठेवतो. भाच्याला तो आवडला. मला मूळ नोंदवही आवडली, कारण तिच्या खोडी मला लवकर कळल्या.

पहिली खोड म्हणजे प्रतींची. तीन प्रती मागितल्या तरी ३०७ च्या नोंदीत पानं एकाच प्रतीची दिसू शकतात. प्रतींचा आकडा ८०५ क्रमांकाच्या वेगळ्या नोंदीत असतो. चलनं आणि इन्व्हॉइस छापणाऱ्याला हे माहीत नसेल तर हिशोब तिपटीने चुकतो. दुसरी खोड जागेची. नोंदवहीला ठरावीक जागा असते, ती भरली की जुन्या नोंदी पुसून त्यावर नव्या लिहिल्या जातात. जागा वाढवावी लागते किंवा महिन्याला नोंदी बाहेर काढून ठेवाव्या लागतात. तिसरी खोड सगळ्यांत मोठी. ऑल-इन-वनच्या काचेवर आधार कार्ड ठेवून झेरॉक्सचं बटण दाबलं, तर ते काम संगणकाकडे जातच नाही. यंत्र स्वतःच वाचतं, स्वतःच छापतं. शाई जाते, नोंद पडत नाही. माझ्याकडे दुपारचं निम्मं काम झेरॉक्सचंच.

यावर उपाय जुनाच होता, कागद मोजायचा. रिममध्ये ५०० कागद. रिम फोडली की खोक्यावर तारीख टाकायची. टँकवाल्या यंत्रात गेलेले कागद एका बाजूला, लॉगमधली त्याच यंत्राची पानं दुसऱ्या बाजूला. पाठपोट छापलेलं वेगळं धरायचं, अडकून फाटलेलं रद्दीच्या पेटीत टाकून महिनाअखेर मोजायचं. फरक राहिला तो झेरॉक्सचा. कारखान्यात आम्ही पत्र्याचा असाच मेळ घालायचो: आलेला पत्रा, निघालेले पार्ट, उरलेलं स्क्रॅप. तिथे टनाचा हिशोब होता, इथे कागदाचा आहे, रीत तीच.

पानं मोजून झाली तरी पानावर काळं किती, हा प्रश्न राहतोच. इथेही भाचाच कामाला आला. घोस्टस्क्रिप्ट नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. त्याला पीडीएफ दिली आणि 'इंककव्ह' म्हटलं की प्रत्येक पानापुढे चार आकडे देतो: निळसर सायन, गुलाबी मजेंटा, पिवळा आणि काळा, कुठला रंग पानाच्या किती भागावर आहे ते. एक बारकावा मात्र आहे. 'इंककव्ह' फिकट राखाडी ठिपक्यालाही रंग लागलेला ठिपका म्हणूनच मोजतो. छटेचा हिशोब हवा असेल तर मध्ये अधोरेख असलेलं 'इंक_कव्ह' वापरायचं. मी नेहमीची कामं एकेक करून त्याच्याखालून घातली. प्रत्येक पानाला आकडा लिहीत बसणं जमणारं नव्हतं, म्हणून तीन वर्ग केले: हलकं, मध्यम, भारी. बायोडेटा हलका. इन्व्हॉइस मध्यम. भारी कामांची यादी बघताना नवल वाटलं. मला वाटलं होतं, सप्ताहाची भगव्या पार्श्वभूमीची पत्रिका सर्वांत भारी असेल. रंगात ती होतीच. पण काळ्या टोनरच्या यादीत डोक्यावर बसला होता एका वर्कशॉपचा पीडीआय रिपोर्ट.

त्या फॉर्मच्या प्रत्येक विभागाला काळी भरीव पट्टी आणि तिच्यात पांढरी अक्षरं. पट्ट्या बऱ्याच. प्रत्येक लॉटबरोबर हा कागद जातो. मी त्यांच्या क्वालिटीच्या मुलाला बोलावून दाखवलं. म्हटलं, "ही पट्टी काढून नुसती ठळक रेघ दिली तर टोनर निम्म्याहून कमी लागेल. तुम्हाला दरही कमी लावते."

तो घाबरलाच. "ताई, फॉर्मॅटला हात लावू नका. हे कंट्रोल्ड डॉक्युमेंट आहे. खाली बघा, फॉर्मॅट नंबर, रिव्हिजन शून्य दोन. तुम्ही रेघ बदलली आणि ऑडिटरने मास्टर कॉपीशी ताडून पाहिलं तर फाइंडिंग येईल."

त्याचं बरोबर होतं. वाहन उद्योगाला माल पुरवणाऱ्यांना आयएटीएफ १६९४९ ची शिस्त असते; तिच्यात कुठला कागद कुणी, केव्हा, का बदलला याची नोंद लागते. मी पट्ट्या तशाच छापत राहिले आणि माझ्या रकान्यात 'भारी' लिहीत राहिले. काही आठवड्यांनी तो नवा फॉर्म घेऊन आला. रिव्हिजन शून्य तीन. पट्ट्या गेल्या होत्या.

"चेंज नोटमध्ये कारण काय टाकलंत?" मी विचारलं.

"वाचनीयता सुधारणे. टोनर लिहिलं असतं तर साहेबांनी सही केली नसती."

मला त्या उत्तराची मजा वाटली आणि थोडा विचारही पडला. दोन कागदांवर दोन कारणं. त्यांच्या चेंज नोटवर वाचनीयता, माझ्या वहीत टोनर. दोन्ही खरी होती, कारण काळ्या पट्टीतली बारीक पांढरी अक्षरं जुन्या ड्रमवर खरोखरच बुजायची. 'कशासाठी' या रकान्याचं उत्तर विचारणाऱ्यावरही अवलंबून असतं, हे मला स्टोअर्समध्ये कधी जाणवलं नव्हतं.

त्यानंतर टोनरवाल्या दादाशी भांडणही मिटलं. आता तो आला की मी कागद पुढे करते: गेल्या वेळी भरलं त्यानंतर हलकी इतकी, मध्यम इतकी, भारी इतकी. साधा हिशोब. समजा कार्ट्रिज भरायला ३०० रुपये पडले. पाच टक्क्यांची २००० पानं निघाली तर पानाला १५ पैसे, वीस टक्क्यांची ५०० निघाली तर ६० पैसे. कागदाची किंमत दोन्हीकडे सारखीच. भारी पानं जास्त असून कार्ट्रिज लवकर संपलं तर मी गप्प बसते. भारी कमी आणि तरी लवकर संपलं तर तो न बोलता बाटली पुन्हा उघडतो. टोनर वाया जाऊन वेस्टच्या कप्प्यात साचत असेल तर तेही या हिशोबातूनच उघडं पडतं, कारण पान नीट येतं पण पानांची संख्या घसरते.

रंगीत यंत्रात आणखी एक खाणारं तोंड असतं, हेड क्लिनिंगचं. शाई बारीक छिद्रांतून उडते, छिद्रं वाळली की अक्षरांत पांढऱ्या रेघा. मग सफाई चालवायची, म्हणजे शाई ओढून आतल्या स्पंजसारख्या पॅडमध्ये टाकायची. यंत्र सुरू करतानाही काही वेळा स्वतःहून थोडी सफाई करून घेतं. यंत्र त्या पॅडचाही हिशोब ठेवतं, आणि मर्यादा आली की छापणं थांबवून पॅड बदलायला सांगतं. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी लाईट जायची सवय सगळ्यांना आहे. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद केला तर हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. मध्येच लाईट गेली तर ते उघडं राहू शकतं आणि वाळतं. म्हणून बुधवारी रात्री यंत्र बटणाने बंद करायचं, हा माझा नेम. आणि सफाईला वहीत जागा आहे. कारखान्यात मशीन सेटिंगला जाणारे पार्ट जसे वेगळ्या खात्यात पडायचे, तसं 'क्लिनिंग' हे माझ्याकडे एक खातं आहे. ते लिहिलं नाही तर पत्रिका छापणाऱ्या मंडळाला उगाच महाग दर लागतो.

वारीच्या दिवसांत मात्र वहीचे सगळे ठोकताळे ढासळतात. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखीचं प्रस्थान. त्याआधी गाव भरून जातं. दिंडीतल्या माणसांच्या याद्या, मुक्कामांचं वेळापत्रक, गाड्यांची कागदपत्रं, वयस्कर माणसांच्या गळ्यात अडकवायची नाव-गाव-फोनची कार्डं. परभणीकडचे एक विणेकरी बाबा दरवर्षी माझ्याकडे येतात. वेळापत्रकाचं एक पान. पहिल्या वर्षी मी छापून दिलं, त्यांनी लांब धरून पाहिलं आणि परत दिलं.

"माऊली, अक्षर वाढवा. चष्मा रस्त्यात फुटला तर वाचता आलं पाहिजे."

वाढवलं. पुन्हा परत. "आणखी. आणि ठळक करा."

एका पानाची चार पानं झाली. ठळक अक्षर, मोठा आकार, वर विठ्ठलाचं चित्र. भारी. लॉगच्या भाषेत ४ पानं, टोनरच्या भाषेत त्याहून कितीतरी जास्त. मी त्यांच्याकडून एका पानाचेच पैसे घेते. नुसत्या टोनरकडे पाहिलं तर हा महिना उधळपट्टीचा दिसतो, नुसत्या पानांकडे पाहिलं तर कमाईचा. वहीत त्या पानांपुढे मी 'वारी, मोठं अक्षर' लिहिते आणि पुढे जाते. त्या खर्चाला घर मिळालं की तो मला खुपत नाही. इतर महिन्यांचे दर लावताना तो बाजूला काढता येतो, आणि पुढच्या वर्षी ज्येष्ठ लागायच्या आधी एक भरलेलं कार्ट्रिज जास्तीचं ठेवायचं हेही समजतं. स्टोअर्समध्ये याला मिनिमम लेव्हल म्हणत. त्याखाली माल गेला की मागणी टाकायचीच.

या सगळ्यात एक गोष्ट मला उशिरा दिसली आणि ती शाईपेक्षा महत्त्वाची निघाली. नव्या विंडोजमध्ये ३०७ च्या नोंदीत कागदाचं नाव येत नाही. नुसतं 'प्रिंट डॉक्युमेंट' असं मोघम लिहिलेलं असतं. नाव हवं असेल तर वेगळं सेटिंग उघडावं लागतं. भाच्याने ते उघडून दिलं, म्हणजे 'कशासाठी' आपोआप भरलं जाईल. खरंच भरलं जाऊ लागलं. महिन्याने यादी चाळायला बसले. फायलींची नावं एकाखाली एक. कुणाचा राजीनामा. कुणाची वकिलाची नोटीस. रक्ताचा रिपोर्ट, नावासकट. कर्जाचा अर्ज, त्याच आडनावाचा दुसऱ्या बँकेचा कर्जाचा अर्ज, तारीख चार दिवसांनंतरची. देहू वाढलं तरी अजून गाव आहे. नाव वाचलं की चेहरा दिसतो. माणसं माझ्याकडे कागद छापायला आली होती, त्यांच्या घरातली भांडणं आणि दुखणी माझ्याकडे जमा करायला नव्हे.

त्यात आणखी एक सापडलं. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'छापलेली कामं जपून ठेवा' अशा अर्थाचा एक खूण करायचा चौकोन असतो. तो चालू असेल तर छापून झाल्यावरही अख्खं काम संगणकात राहतं, कुणीही पुन्हा छापावं असं. माझ्याकडे एका यंत्राला तो चालू होता, कधीपासून कोण जाणे. मी तो बंद केला, अडकून राहिलेली कामं काढली, नावं येण्याचं सेटिंगही मिटवलं, डाउनलोडमध्ये साचलेली आधार कार्डं पुसली. आता माणूस गेला की फाइल गेली.

भाचा नाराज झाला. "मावशी, इतका चांगला डेटा पुसलास. कुठला माणूस महिन्याला किती छापतो ते कळलं असतं."

या गावात कागद पाण्यात सोडल्याची गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक असते. गाथेची तर आहेच, पण तिच्याआधीची आहे ती कर्जखतांची. तुकोबांच्या घरी सावकारी होती. आपल्या वाट्याची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. माझ्या फायलींची आणि त्या खतांची बरोबरी करण्याचा अगाऊपणा मी करणार नाही. मला रोजचा धंदा करायचा आहे, आणि वहीशिवाय धंदा होत नाही. पण हातात आलेली प्रत्येक नोंद ठेवलीच पाहिजे असं नाही, हे मान्य करायला या गावात राहणाऱ्याला लांब जावं लागत नाही.

म्हणून आता रकाना 'कशासाठी' आहे, 'कोणासाठी' नाही. वर्कशॉपची कामं त्यांच्या नावावरच जातात, कारण त्यांना महिन्याचं बिल हवं असतं आणि टॅक्स इन्व्हॉइसमध्ये लपवण्यासारखं काही नसतं. बाकी सगळ्यांचं 'अर्ज', 'दाखला', 'पत्रिका', 'वारी', 'झेरॉक्स', 'क्लिनिंग' एवढंच. संध्याकाळी दिवा लावून झाला की लॉगमधली पानं वर्गवार एक्सेलमध्ये टाकते. नावं नसल्यामुळे कधी कधी एखादं काम कशाचं होतं ते आठवत नाही. तिथे 'इतर' लिहिते. साहेबांना ते अजिबात चाललं नसतं. पण त्यांच्या कप्प्यांत नटबोल्ट होते.

परवा येलवाडीहून एक मुलगी आली. तिला असंच काम घरी सुरू करायचं आहे. तिने विचारलं, "ताई, कार्ट्रिजचा हिशोब ठेवायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" मी तिला लॉग चालू करून दाखवला, ३०७ आणि ८०५ दाखवलं, काचेवरच्या झेरॉक्सची नोंद पडत नाही हे सांगितलं, रिमवर तारीख टाकायला सांगितली. मग माझी एक्सेलची फाइल उघडली. तारीख, यंत्र, पानं, हलकं-मध्यम-भारी, कशासाठी.

तिने सगळे रकाने उतरवून घेतले. पुन्हा एकदा वरून खाली पाहिलं.

"यात गिऱ्हाइकाचं नाव कुठेय? मग उधारी कशी वसूल करायची?"

"उधारीची वही वेगळी ठेव," मी म्हटलं. "तिच्यात फक्त नाव आणि रक्कम. काय छापलं ते लिहायचं नाही."